हातोड्याचे दात

त्या खाटकाला सगळा बाजार हातोडा म्हणायचा, आणि ते नाव त्याने कमावलेलं होतं. सत्तूर उचलला की मांडीचं हाड एका घावात दोन. राग आला की समोरच्याचं नाकही तसंच. मांसाचा मोठा तुकडा सुतळीने बांधताना तो एक टोक दातात धरायचा आणि दुसरं दोन्ही हातांनी खेचायचा. तशी गाठ बाजारात कुणाची बसत नसे. गिऱ्हाईक त्या गाठीसाठीच यायचं म्हणा ना.

एके सकाळी त्याने असाच हिसका दिला आणि सुतळीबरोबर पुढचा एक दातच बाहेर आला. ठोकळ्यावर रक्त सांडलं, आणि या खेपेला ते बकऱ्याचं नव्हतं. शेजारी हाडं तोडणारा मेहुणा फिस्सकन हसला.

"दाजी, हा तुकडा कितीला?"

दाजींनी कानफटात दिली. मेहुण्याने ठोसा हाणला. दोघं रक्तात घसरले, लोळले, एकमेकांच्या उरावर बसले. उठून बघतात तो हातोड्याचा आणखी एक दात हलतोय.

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी तोंडात आरसा घातला. "ठोशाचं काम नाही हे. फटींत अडकलेलं कधी काढलंच नाहीत, हिरड्या आतून सडल्यात. आज मी साफ करते. पण रोज दोरा फिरवला नाहीत तर बाकीचेही जातील."

बाकीचे गेले तर गाठ गेली, धंदाच बसला. घरी येऊन पठ्ठ्याने दुकानातलीच सुतळी फटीत घातली आणि करवतीने हाड कापावं तशी ओढली. बेसिन लालभडक. बायको धावली, तर तिच्यावरच हात उगारला. तिने सुतळीची दोन्ही टोकं मुठीत धरली.

"हात खाली. नाहीतर उरलेले मीच उपटते. हाड आहे का ते? हिरडी आहे."

मग तिने डॉक्टरीणबाईंनी दिलेला बारीक मेणाचा दोरा बोटांना गुंडाळला, दाताच्या कडेला बिलगवला आणि हलकेच वरखाली केला. रोज झोपण्याआधी हेच. सुरुवातीला रक्त यायचं. तो शिव्या घालायचा, भिंतीवर बुक्क्या मारायचा, पण दोरा चुकवला नाही. हळूहळू रक्त थांबलं.

पुढे बाजारात दुकानाच्या जागेवरून मासळीवाल्याशी जुंपली. त्याने थेट तोंडावर ठोसा लगावला. ओठ फुटला. हातोडा मात्र उभाच, जिभेने एकेक दात चाचपत. हलणारासुद्धा जागेवर होता.

"घट्ट आहेत रे," तो मेहुण्याला इतक्या आनंदाने म्हणाला की मासळीवालाही हसला. तेवढ्यात हातोड्याने त्याला उचलून त्याच्याच बर्फाच्या पेटीत आदळलं.