ज्वालामुखीची सफर

चूक माझीच होती. लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून मी ग्रीसमधल्या सँटोरिनी बेटाची सहल ठरवत होतो. समुद्राकडे तोंड असलेला, स्वतंत्र पोहण्याच्या तलावाचा बंगलाही निवडला होता. ट्रॅव्हल एजंटनं फोनवर विचारलं, "मॅडमना काय बघायला आवडेल?" बायको शेजारीच शेंगा फोडत बसली होती, तरी मीच सांगून टाकलं, "तिचं काही नसतं. जेवण तेवढं शाकाहारी बघा. ज्वालामुखीची सफर काढून टाका, तिला चढ झेपणार नाही."

फोन ठेवल्यावर तिनं मोबाइलवरचा बेटाचा फोटो बोटांनी मोठा केला.

"आवो, हे कडे आमच्या धारूरच्या घाटासारखेच काळे हायेत. तिथला दगड अजून गरम लागत आसंल का?"

"काय माहीत," मी म्हणालो.

"मग सफर कावून काढली? माहेरी किल्ला चढूनच मोठी झाले मी. दम तर तुमाला लागतो."

ती हसली, पण फोटोवरची नजर काही हलेना. मी एजंटला परत फोन लावला, सफर पुन्हा घालायला सांगितली आणि त्याला ऐकू जाईल असं तिला म्हणालो, "माझं चुकलं. आधी तुला विचारायला पाहिजे होतं."