फेटा कुणी बांधला?

ती घटना आठवली की आजही मला एका जागी बसवत नाही. निवृत्तीनंतर सकाळचा चहा निवांत प्यायचा, असं ठरवलं होतं. पण त्या बाळाचा लुळा डावा हात डोळ्यांपुढे आला की कप हातात घेऊन मी अंगणात येरझाऱ्या घालू लागतो.

बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी पोलीस निरीक्षक होतो. एक किराणा दुकानदार आणि त्याची बायको तान्ह्या मुलाला घेऊन ठाण्यात आले. बाळंतपणात मुलाचा खांदा अडकला, कुणीतरी जोराने ओढलं आणि हाताच्या नसा दुखावल्या, असं शहरातल्या डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं.

बाई ठाम होती. "डॉक्टर आलेच न्हाईत, साहेब. नर्सबाईनंच वढलं."

डॉक्टरांचं म्हणणं उलट. बाळंतपण त्यांनी स्वतः केलं, कळांनी बाई भानावर नव्हती. नर्सनेही तेच सांगितलं. डॉक्टरवर निष्काळजीपणाचा गुन्हा नोंदवायचा तर आधी सरकारी तज्ज्ञांचा अभिप्राय लागतो. तो मागवला आणि जबाब घ्यायला सुरुवात केली. मोफत विधी सेवेतून मिळालेल्या वकीलबाई म्हणत होत्या, डॉक्टर तिथे नव्हते हे सांगणारा दुसरा माणूस हवा, नाहीतर भरपाईचा दावाही लंगडा पडेल. गावाने तर बाईलाच खोटं ठरवलं होतं. दर बाजाराच्या दिवशी ती ठाण्यात येई आणि मुलाला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेत विचारी, "काय झालं, साहेब?" नवरा शेजारी बसून पाय हलवत राही.

तक्रारदार सगळं खरं सांगतो, असा नवख्या फौजदाराचा समज असतो. माझा तो कधीच मोडला होता. रिक्षा कुणाची, कळा कधी लागल्या, सगळं हा माणूस धडाधड सांगे. तू कुठे होतास, विचारलं की "औषध आणाया गेलतो" एवढंच. कोणत्या दुकानातून, ते आठवत नसे. स्वतः दुकानदार असून याला दुकान आठवू नये, हे मला खटकत होतं.

अशातच ठाण्यावर फोन आला. एक पुरुष घाईघाईने म्हणाला, "त्या दिवशी डॉक्टर लग्नात हुते. त्यांना फेटा कुणी बांधला, ते पोराच्या बापाला इचारा." आणि फोन बंद.

मी नवऱ्याला आत घेतलं. बायको बाहेर बाकावर होती. प्रश्न विचारला तसा तो खिडकीकडे बघू लागला.

"फेटा कुणी बांधला बे?" मी आवाज चढवला.

"म्याच," तो म्हणाला. "भावकीतलं लगीन हुतं. न्हाई गेलं तर नावं ठिवतात. डॉक्टरांचं नाव माईकवर पुकारलं, अन् पाव्हण्यांचे फेटे माझ्याकडंच हुते."

"बायको दवाखान्यात कळा देतेय, हे ठाऊक होतं ना?"

"हुतं. डॉक्टरला बघून लई बरं वाटलं, साहेब. म्हनलं, ते हितं आलेत म्हंजी तिकडं ती मोकळी झाली आसंल."

"मग इतके दिवस बोलला कावून नाहीस?"

"भावकीचं लगीन ठाण्यात आणलं म्हंतील. अन् हिला काय तोंड दाखवू?"

आपलेच दात आणि आपलेच ओठ. मला त्याचा संताप आला आणि कीवही आली. जबाब लगेच लिहून घेता आला असता, पण ही गोष्ट त्या बाईने भर कोर्टात ऐकावी, हे मला नको होतं. मी तिला आत बोलावलं आणि त्याला म्हटलं, आधी हिला सांग.

त्याने सांगितलं. ती मुलाची मान सावरत ऐकत राहिली.

"लोक मला खोटी म्हणत हुते, तवा तुमी शेजारीच बसला हुता," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "लिहून घ्या, साहेब. आता ह्यांना माघार घेऊ देऊ नका."

त्याने माघार घेतली नाही. लग्नाचं चित्रीकरण मिळालं. त्यात डॉक्टर मान झुकवून बसले होते आणि हा त्यांच्या डोक्याला फेटा गुंडाळत होता. वेळ मुलाच्या जन्माचीच. ते पाहून नर्स रडू लागली. डॉक्टर फोनवर "सांभाळून घे, आलोच" म्हणत होते, हे तिने कबूल केलं. अभिप्राय कुटुंबाच्या बाजूने आला, गुन्हा दाखल झाला, ग्राहक आयोगात भरपाईचा दावाही उभा राहिला. भीतीने गप्प बसलेल्याला पोलीस बोलतं करू शकतात. लाजेने गप्प बसलेल्याला मात्र, ज्याला तोंड दाखवायची लाज वाटते त्याच्यासमोरच उभं करावं लागतं, हे मी तेव्हा शिकलो.

मुलाचं जावळ त्यांनी कपिलधारला काढलं आणि मला आग्रहाने बोलावलं. "साहेबांना फेटा बांधा," असं म्हणत कुणीतरी कापड नेमकं बापाच्या हातात दिलं. त्याचे हात थांबले. बायको त्याच्याकडे बघत होती.

"फेटा राहू द्या," मी म्हणालो. "पोराला द्या इकडं."

पोराने उजव्या हाताने माझी मिशी पकडली. बापाने कापड खाली ठेवलं आणि पोराचा डावा हात जपून उचलून माझ्या खांद्यावर ठेवला.