प्रलयमावशी आणि आमची मारामारी

पडद्यावर जग बुडायला लागलं की आमच्या प्रलयमावशींचा चेहरा खुलायचा. इंदिरानगरच्या आमच्या सोसायटीत त्या तळमजल्यावर राहायच्या, बँकेतून निवृत्त झालेल्या, एकट्या. बाकीच्या बायका मालिकांत रमलेल्या, तर या बाईंना उजाड शहरं, विषारी हवा, माणसांवर राज्य करणारी यंत्रं असलं काहीतरी लागायचं. प्रलयमावशी हे नाव मीच ठेवलं आणि त्यांना ते भलतंच आवडलं.

रविवारी दुपारी मी त्यांच्याकडे सिनेमा बघायला जायचो. त्यांची बघायची रीत उलटी. हाणामारी सुरू झाली की यांचं तोंड सुरू. लसूण सोलता सोलता विचारायच्या, "जग संपून इतकी वर्षं झाली, मग याची दाढी कोण करतं रे?" आणि दोन माणसं गप्प बसून एकमेकांकडे बघायला लागली की मलाच दटावायच्या, "आता बोलू नकोस. सिनेमा आत्ता चालू झालाय." मी वैतागायचो. मला धुरळा हवा असायचा.

धुरळ्याच्याच नादात मी शॉर्ट फिल्म काढायला घेतली. गोष्ट अशी: भविष्यातल्या एका शहरात यंत्रमाग आपोआप चालतात, माणसांना बोलायला बंदी आहे आणि बोलणाऱ्याला धरायला पहारेकरी आहेत. या पहारेकऱ्यांच्या डोक्यातून घरदार पुसून टाकलेलं. बाबांनी निक्षून सांगितलं होतं, ही फिल्म जमली नाही तर मुकाट्याने आपल्या हार्डवेअरच्या दुकानात बसायचं. मालेगावात ओळखीने एक कारखाना मिळाला. तिथे शुक्रवारी माग बंद असतात, म्हणून आम्ही शुक्रवार गाठायचो. पहारेकरी झाला माझा मित्र भूषण, सटाण्याकडचा, अंगाने दांडगा. ती मोकळी शेड बघून आमच्या अंगात आलं आणि आम्ही नुसती मारामारीच शूट करत सुटलो.

कच्ची फिल्म मावशींना दाखवली. त्यांनी सगळा लसूण सोलून संपवला. मग म्हणाल्या, "छान मारलंय. पण मार खातंय कोण, आणि मला त्याचं काय?" मला इतका राग आला की चहा न घेता उठलो. जिना चढेपर्यंत पटलंही होतं, पण लगेच खाली जाऊन कबूल कोण करणार?

भाड्याने आणलेला कॅमेरा परत करायच्या आधी एकच शुक्रवार उरला होता. शेवटी गेलो आणि म्हटलं, "तुम्हीच व्हा आता पहारेकऱ्याची आई." त्यांनी जराही आढेवेढे घेतले नाहीत. "भविष्यात साडीला इस्त्री नसणार ना?" एवढंच विचारलं.

सीन साधा होता. भूषण सगळ्यांना लोळवून उभा आहे. आई मागांच्या रांगेतून चालत येते, समोर थांबते. तो तिला ओळखत नाही, धरून नेतो. मावशींचे गुडघे दुखरे, त्यामुळे त्या एकेका मागाला हात टेकवत इतक्या सावकाश आल्या की मी मनातल्या मनात कपाळ बडवून घेतलं. समोर आल्यावर गप्प उभं राहायचं सोडून म्हणाल्या, "जेवलास का रे?" भूषणला संवादच दिला नव्हता. सकाळपासून उपाशीपोटी हाणामारी करत होता बिचारा. त्याच्या तोंडून घरची अहिराणी निघून गेली, "माले भूक लागनी." आणि त्याचे डोळे भरले. कट म्हणायचं मला सुचलंच नाही.

पहारेकऱ्याला आपली बोली आठवली होती. माझ्या फिल्मला गोष्ट सापडली ती अशी. मग मागची मारामारीही वेगळी दिसायला लागली, कारण आता मारणाऱ्याचीच काळजी वाटत होती. मी जोशात अर्धी मारामारी उडवली तर मावशींनीच अडवलं. "अगदीच काढू नकोस. भूषणने मेहनत घेतलीय."

फिल्म पुण्याच्या एका महोत्सवात निवडली गेली. बाबा दुकानातल्या गिऱ्हाइकांना धरून धरून सांगू लागले. पण महोत्सवाच्या आधीच मावशी गेल्या, झोपेतच. मला त्यांची फार आठवण येते. रविवारची दुपार अजूनही खायला उठते.

महोत्सवात मारामारीला शिट्ट्या पडल्या. मग मावशी चालायला लागल्या आणि सभागृह चिडीचूप झालं. नंतर एक परीक्षक आपुलकीने जवळ आले. म्हणाले, "फिल्म छान आहे. फक्त त्या आजी चालत येतात तो शॉट लांबलाय. निम्मा कापलात तर वेग येईल."

"नाही सर," मी म्हणालो. "त्यांना तिथवर यायला तेवढा वेळ लागतो."