कापलेलं गाव

नोकरी करणारी माणसं जशी वागतात तशी का वागतात, हे शिकायला एम.ए. करता येतं, ही गोष्ट आमच्या शेणवे गावात कुणाच्या गळी उतरवणं अवघड होतं. मानसशास्त्र म्हटलं की समोरचा विचारायचा, "म्हणजे वेड्यांची डॉक्टर?" मी सांगायचे, डॉक्टर नाही, औषधं नाहीत, वेडे तर नाहीतच. कारखान्यात, ऑफिसात धडधाकट माणसं काम करतात ना, त्यांच्याविषयी आहे. आई एकदा भाकरी थापता थापता म्हणाली, "मंग त्यांना काय झालंय?" मी तिच्यावरच चिडले.

मला लहानपणापासून चौकशा फार. एसटीत शेजारी बसलेली बाई दोन डबे का नेते, दुकानदार ठरावीक गिऱ्हाइकालाच स्टूल का देतो, असलं काहीबाही. आई म्हणायची, नको तिथं नाक खुपसू नको. या विषयात नाक खुपसण्याचे मार्क मिळतात हे कळल्यावर मी आसनगावहून लोकलचा पास काढला आणि दोन वर्षं कॉलेजला ये-जा केली.

दुसऱ्या वर्षी प्रबंध होता. मी विषय घेतला कामातल्या समाधानाचा. मुरबाडच्या एमआयडीसीतल्या एका पॅकिंग युनिटनं परवानगी दिली. तिथं चव्वेचाळीस बायका प्लास्टिकचे डबे पुसून, झाकणं लावून खोक्यात भरायच्या. एचआरचे साहेब सभ्य होते. त्यांची एकच अट होती, आणि ती त्यांनी माझ्याकडून लिहूनही घेतली: रिपोर्ट आणि भरलेले सगळे फॉर्म शेवटी कंपनीला द्यायचे. मी आनंदात सही करून टाकली.

फॉर्मवर वीस वाक्यं होती आणि प्रत्येकापुढे पाच चौकोन, 'पूर्ण सहमत'पासून 'पूर्ण असहमत'पर्यंत. वरच्या पट्टीत वय, गाव आणि नोकरीची वर्षं. नाव नाही. मी खुर्चीवर उभी राहून मोठ्या ऐटीत सांगितलं, "नाव लिहायचं नाही. कुणी काय लिहिलं ते कुणाला कळणार नाही." मागच्या टेबलापर्यंत पोचलं नसेल म्हणून पुन्हा सांगितलं.

घरी येऊन फॉर्म उलगडले आणि चक्रावले. जिकडे तिकडे पूर्ण सहमत. 'मला माझं काम आवडतं', पूर्ण सहमत. 'मला या कामाचा कंटाळा येतो', तेही पूर्ण सहमत. न वाचता खुणा करणारे सापडावेत म्हणून अशी उलटी वाक्यं मुद्दाम घालतात. पण या बायका वाचत होत्या, मी डोळ्यांनी पाहिलं होतं. बोट ठेवून, ओठ हलवत वाचत होत्या. मग हे काय?

दुसऱ्या दिवशी डब्याच्या सुट्टीत जाऊन बसले आणि विचारलं. आधी सगळ्या हसल्या. मग एक तोंडाळ पोरगी म्हणाली, "तुमची परीक्षा हाय ना, मॅडम? पयल्या चौकोनाला जास्त मार्क असतील, म्हनून आमी ठरवून तिथंच खुणा केल्या. तुमाला पास केलं."

मी कपाळाला हात लावला. आदल्या दिवशी मी फॉर्म दाखवला होता, तेवढ्यावरून एवढ्या जणींनी कंपनीच्या गाडीत बसल्या बसल्या ठरवून मला पैकीच्या पैकी दिले होते. उलट्या वाक्यांवर त्यांचंही अडलं होतं म्हणे, पण पोरीचं नुकसान नको म्हणून तिथंही तेच. कॉलेजातल्या आमच्या गाइड बाईंना फोनवर सांगितलं तर त्या आधी पोटभर हसल्या आणि मग म्हणाल्या, "अगं, हेच लिही. याहून चांगलं काय मिळणार आहे तुला?" आज माझी नोकरीच असले फॉर्म तयार करण्याची आहे, आणि अजूनही चौकोन आखताना मला ती गाडी दिसते.

लिहायला बसले तेव्हा एक फॉर्म हातातून उलटा पडला. मागे, अगदी खाली, शाळकरी अक्षरात चार ओळी होत्या. 'संडासाची किल्ली सुपरवायझरकडे असते. मागावी लागते. तो सगळ्यांसमोर विचारतो, परत कशाला. म्हणून आम्ही दिवसभर पाणी पीत नाही.'

मी त्या ओळी कितीदा वाचल्या असतील. आठवडाभर त्या बायकांमध्ये वावरले, त्यांच्या डब्यातलं खाल्लं, आणि एकीनंही पाण्याची बाटली तोंडाला लावलेली पाहिली नव्हती. नाक खुपसणारी म्हणवते स्वतःला! मग फॉर्म पलटून वरची पट्टी पाहिली. वय बेचाळीस. गाव वैशाखरे. नोकरी सात वर्षं.

वैशाखऱ्याची कोण, ते मला लगेच कळलं. कंपनीची गाडी टोकावड्यापर्यंतच जायची. त्याच्याही पुढच्या वैशाखऱ्याहून, माळशेजच्या रस्त्यानं मिळेल त्या जीपनं टोकावड्याला येणारी एकच बाई होती. शेवटच्या टेबलावरची मावशी, आडव्या अंगाची, कमी बोलणारी. नाव लिहू नका म्हणून मी दोनदा ओरडले होते आणि गाव मात्र मीच विचारलं होतं. मावशी कायम नोकरीत नव्हती. दर सहा महिन्यांनी तिचा कंत्राटाचा कागद नवा व्हायचा, आणि तो साहेबांच्या सहीनं व्हायचा. नवा कागद पुढच्याच महिन्यात होता.

फॉर्म तर द्यायचे होते, आणि मोजून द्यायचे होते. मी कात्री घेतली. मूळ फॉर्मला हात लावायचा नाही, हा आम्हाला शिकवलेला पहिला धडा. तो मोडला आणि चव्वेचाळीसही फॉर्मच्या पट्ट्या कापून चुलीत घातल्या. अक्षरावरून ओळखण्याची भीती नव्हती. त्या कामात सहीपलीकडे कुणी काही लिहीतच नव्हतं. खरं सांगते, पट्ट्या जळताना मला स्वतःचा फार अभिमान वाटला.

साहेबांनी गठ्ठा चाळला. मागच्या ओळी त्यांनी वाचल्या, फॉर्म पलटून वर पाहिलं. तिथं कापलेली कड होती. "कोणीतरी एक असतेच तक्रार करणारी," ते म्हणाले. "बाकी त्रेचाळीस खूश आहेत ना?" फाइल खणात गेली. मावशी वाचली, म्हणून मी सुटकेचा निःश्वास टाकला.

शिफ्ट सुटल्यावर मी गेटजवळ मावशीला गाठलं आणि बाजूला घेऊन पट्ट्या कापल्याचं सांगितलं. ती मला आशीर्वाद देईल असं मला वाटत होतं, हे आता लपवण्यात अर्थ नाही.

तिनं डब्याची पिशवी खाली ठेवली. "माझं गाव कापलंस?" तिनं विचारलं.

"मावशी, तुम्हाला ओळखलं असतं ना त्यांनी. वैशाखऱ्याच्या तुम्ही एकट्याच."

"ते काय मला ठाव नाय गो? गाव लिवताना हात थांबला हुता माझा. मंग म्हटलं, लिव. कळू दे."

"कागद नवा केला नसता तर?"

"नसता केला तर नसता केला. सात वर्सं मी तहान मारतेय, बाय. कुनी इचारलं नाय. तू इचारलंस. मी सांगितलं, नि तू मलाच कापलंस. आता साहेब म्हनतील, कोनतरी बोललं. कोनतरी म्हंजे कोन? कोनी नाय."

साहेब काय म्हणाले ते मी तिला सांगितलंच नव्हतं, तरी तिनं ते जवळजवळ शब्दाला शब्द ओळखलं होतं. मी तिला काय हवंय ते न विचारताच तिचं भलं करून मोकळी झाले होते. आमच्या पुस्तकांत गुप्तता कशी राखायची यावर आख्खं प्रकरण होतं. एखाद्याला ती नकोच असेल तर काय करायचं, हे मी कधी कुणाला विचारलं नव्हतं.

गाडीवाल्यानं हॉर्न दिला. मावशीनं हात करून त्याला जायला सांगितलं. "साहेब हायेत ना आत? चल," ती म्हणाली.

केबिनमध्ये ती टेबलापाशी उभी राहिली आणि म्हणाली, "मागं लिवलंय ते मी लिवलंय." मग तिनं आपलं नाव सांगितलं, गाव सांगितलं, कितव्या टेबलावर बसते तेही सांगितलं. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, कुणाचं काही कळणार नाही म्हणाला होतात ना तुम्ही?"

"तो शब्द माझा होता," मी म्हणाले. "त्यांनी मागितला नव्हता."

साहेब गोंधळले. माणूस वाईट नव्हता. त्यांनी मावशीला बसायला सांगितलं आणि समोरचा पाण्याचा पेला तिच्याकडे सरकवला. मावशी बसली. पेला उचलून तिनं सावकाश, एका दमात, सगळा रिकामा केला. मग पदरानं तोंड पुसलं आणि उघडा तळहात साहेबांपुढे धरला.

"आता किल्ली मागवा," ती म्हणाली.