जेलीफिशला हाड नसतं

मैत्रिणींनो, आज दुपारी आमच्या मलकपेठच्या घरी चैत्रगौरीचं हळदीकुंकू झालं. पातेली तशीच ठेवून लिहायला बसलेय.

दुसऱ्या मिसकॅरेजनंतर सुरू झालेल्या गोळ्यांनी माझं वजन वाढलंय. सासूबाईंना हे सगळं माहीत आहे. तरी पन्हं वाटताना घरभर बायकांसमोर त्या हसत म्हणाल्या, "आमची सून म्हणजे टीव्हीवरचा तो वॉलरस. बर्फावर नुसता लोळत असतो. आणि पिल्लूही नाही."

बायका हसल्या. कैरीच्या डाळीचं पातेलं घेऊन दारात उभा असलेला माझा नवराही हसला.

तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, "आता सूनबाईंचा उखाणा होऊन जाऊ दे!"

मी घेतला.

"वॉलरसला असतात सुळे, जेलीफिशला नसतं हाड,
अनिकेतरावांचे केले त्यांच्या आईने फारच लाड."

बायकांच्या माना सासूबाईंकडे वळल्या. आमच्या तेलुगू शेजारणीला मराठी कळत नाही. तिने अनिकेतलाच विचारलं, "क्या बोली जी बहू?"

"कुछ नै आंटी, मेरी तारीफ करी," तो म्हणाला.

बायका गेल्यावर मला म्हणतो, "आईची माफी माग. तिचं वय झालंय."

मी नाही मागणार. मागायचीच तर जेलीफिशची मागेन. तिला हाड नसलं तरी ती निदान डंख तरी मारते. याच्याने आईसमोर तेवढंही झालं नाही.

ती दोन बाळं त्याचीही होती ना?