मस्कतचे प्लग

२००३ च्या थंडीत अश्विन मस्कत सोडून कायमचा घरी आला. कायमचा, असं लताबाईंनी सगळ्या गल्लीला सांगितलं होतं. त्याच्या मागोमाग टेम्पोभर खोकी आली.

लताबाईंचं घर नाशिकरोडहून एकलहऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगत. दोन खोल्या आणि पुढे पत्र्याची पडवी. नवरा भिकन वीज केंद्रात कोळसा उतरवण्याच्या कामावर होता. अश्विन दहावीत असताना एका सकाळी भिकनच्या छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचायच्या आत तो गेला. पुढे लताबाई बालवाडीत मदतनीस म्हणून लागल्या. पोरांची नाकं पुसली, खिचडी ढवळली, सतरंज्या झटकल्या. अश्विनला सातपूरच्या आयटीआयत एसी-फ्रिजचं काम शिकवलं. तो मस्कतला गेला, मग लग्न करून स्नेहालाही घेऊन गेला. तेव्हापासून घरात लताबाई एकट्याच होत्या आणि आता त्यांना थोडं बसायचं होतं.

खोक्यांतून वॉशिंग मशीन निघालं, किटली, इस्त्री, टोस्टर, ज्यूसर, शिवाय घर झाडायचं एक मोठं यंत्र. सगळ्यांच्या प्लगना जाड, चौकोनी पिना. आपल्या बोर्डाच्या गोल भोकांत त्या जाईनात. अश्विनने मेन रोडवरून तीन ॲडॅप्टर आणले. ॲडॅप्टर बोर्डात, त्यात मस्कतचा जड प्लग. प्लगच्या वजनाने सगळं खाली झुकायचं, मधेच वस्तू बंद पडायची. मग लताबाई खालून पिठाचा डबा टेकू म्हणून लावायच्या.

वस्तू जास्त, ॲडॅप्टर कमी. सकाळी किटलीचा काढून इस्त्रीला लावायचा, इस्त्रीचा काढून मशीनला. अश्विन कामाच्या शोधात बाहेर, स्नेहा ओट्याशी. ही काढघाल लताबाईंकडे आली. बालवाडीतून आल्यावर पाय भरून आलेले असत आणि तेव्हाच मशीन मधे थांबलेलं असे. ओल्या कपड्यांनी भरलेलं, दार न उघडणारं. त्या डबा सरकवत, प्लग दाबून धरत उभ्या राहत. पूर्वी एकटीचं लुगडं दगडावर धुवायला एवढा वेळ लागत नव्हता. पण मुलाने हौसेने आणलेलं, बोलायचं कसं?

एके दुपारी किटली लावली आणि जळका वास आला. ॲडॅप्टर वितळून बोर्डाला चिकटला होता. अश्विन अंबडला एका कारखान्यात मुलाखतीला गेलेला. लताबाईंनी शेजारच्या गोटीरामला हाक मारली. तो सातपूरला एका कारखान्यात वायरमन होता. भिकनच्या वेळेपासून त्याचं येणंजाणं होतं.

त्याने मेन स्विच बंद केला आणि जळका तुकडा पक्कडीने ओढून काढला.

"वहिनी, किटली लय करंट ओढते. हे खेळणं नाय झेपणार तिला."

"मग काय करायचं, भाऊ?"

"काय करायचं म्हणजे? ही पिन तोडायची, आपली लावायची. अन् किटली पॉवरच्या बोर्डावर घ्यायची. व्होल्टेज सारखंच हाय तिकडचं. सगळ्या वस्तूंचं करून टाका." त्याने जळका तुकडा हातात फिरवून पाहिला. "पण अश्विनचा तर हाच धंदा हाय. त्यानं इतके दिवस कसं काय नाय केलं?"

"तो आला की विचारते," लताबाई म्हणाल्या.

रात्री जेवताना त्यांनी विचारलं. "गोटीरामभाऊ म्हणत होते, पिना बदलून टाका म्हणून. रोजची कटकट तरी जाईल."

अश्विन भाकरी मोडत राहिला. "राहू दे अजून."

"का रे?"

"अजून काही नक्की नाही, आई."

वाढता वाढता स्नेहाचा हात थांबला. लताबाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि त्यांना कळलं, याच्या मनात परत जायचं आहे हे हिलाही आत्ताच कळतंय. ताटं लवकर उचलली गेली.

उन्हाळ्यात मस्कतच्या जुन्या साहेबाचा फोन आला. अंबडची नोकरी मिळाली होती, पण त्या पगारात अश्विनचं मन रमलं नव्हतंच. या खेपेला व्हिसा एकट्याचा होता, बायकोला नेता येणार नव्हतं. "दोन वर्षांचा प्रश्न आहे," तो म्हणाला. लताबाईंनी त्याला थांबवलं नाही. भांडायला अंगात बळ लागतं. शेंगदाण्याची चटणी बांधून दिली आणि गल्लीत काय सांगायचं याचा विचार करत त्या दारात उभ्या राहिल्या.

घरात दोघी उरल्या. काही दिवसांनी कोणाला न विचारता स्नेहा अंबडला एका औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला लागली. सकाळी सातला बस. इस्त्री लावली की ॲडॅप्टर निसटायचा आणि ती चुरगळलेल्या ड्रेसवर तशीच निघायची.

एका रविवारी तिने गोटीरामला बोलावून आणलं. तो पक्कड घेऊन पडवीत बसला. स्नेहाने एकेक वस्तू त्याच्यापुढे आणून ठेवली.

लताबाई म्हणाल्या, "अश्विनला विचारलंस का?"

"नाही. आई, त्यांना परत यायचं तेव्हा ते येतील. मला इथं रोज कामाला जायचंय."

लताबाई तिच्याकडे बघत राहिल्या. भिकन गेल्यावर बालवाडीत पहिल्या दिवशी जाताना आपणही कोणाला विचारलं नव्हतं, हे त्यांना आठवलं. विचारायला कोणी नव्हतंच.

"कापा, भाऊ," त्या म्हणाल्या.

संध्याकाळी फोनवर स्नेहाने सांगून टाकलं. अश्विन म्हणाला, "बरं केलंस," आणि इकडे ऊन किती आहे ते विचारलं.

दोन वर्षांची चार झाली. तो वर्षातून एकदा येतो, महिनाभर राहतो, जाताना घरभर फिरून नळ, कड्या तपासतो. लताबाई बालवाडीतून निवृत्त झाल्या. भारनियमनात मशीन अजूनही मधेच थांबतं. मग दोघी मिळून बादलीत कपडे पिळतात, एक टोक हिच्या हातात, दुसरं तिच्या. परवा रविवारी पिळून झाल्यावर लताबाई पडवीत फरशीवरच आडव्या झाल्या.

"चहा ठेवू, आई?" स्नेहाने विचारलं.

"ठेव. पण लगेच उठवू नकोस."

स्नेहाने त्यांच्या डोक्याखाली उशी सरकवली, चहा ठेवून गॅस बारीक केला आणि स्वतःही भिंतीला पाठ टेकून बसली.