करारातली देखणी अक्षरं

बाजारात त्याला नावानं कुणी ओळखत नव्हतं. तो धाकटे पेंटर. थोरले म्हणजे त्याचा दादा, त्यानंच धाकट्याच्या हातात ब्रश दिला. दादाची शिकवण एकच: पाटी रंगवताना वाचायची नाही. नमुना उलटा धरायचा आणि नुसते आकार बघायचे. "वाचत बसलास की हात घाई करतो," तो म्हणायचा. तीस वर्षं धाकट्यानं अशाच पाट्या रंगवल्या.

मग छापील फलक आले आणि दोघे भाऊ दुकानात माश्या मारत बसू लागले. दादा निवांत होता. धाकट्याचा मात्र जीव वरखाली व्हायचा. अशात एका कंपनीचा माणूस आला. फलक बनवायची फ्रँचायझी घ्या. मशीन आमचं, नाव आमचं, गिऱ्हाइकं आपसूक येतील. करार चांगला चाळीस पानी होता. धाकट्यानं पान न् पान उलटून पाहिलं.

"काय सुबक टाइप आहे! दोन अक्षरांतली जागा बघ," तो बायकोला म्हणाला.

"अहो, पण वाचलंत का?"

"बघितलं ना सगळं!" आणि त्यानं सही ठोकली. मशीनला जागा हवी म्हणून दादानं आपलं टेबल आपणच मागच्या खोलीत ओढून नेलं.

महिन्याभरानं कंपनीचं पत्र आलं. बायकोनं ते मोठ्यानं वाचलं, तेव्हा कुठे अकरावं कलम त्याच्या कानावर पडलं. दुकानात हातानं रंगवायचं काम चालणार नाही, आणि तसं काम करणारा घरातला कुणी तिथं आढळला तर करार रद्द. हे दादाला सांगायला त्याची जीभ रेटेना. आज सांगू, उद्या सांगू करत तो दिवस ढकलत राहिला.

कंपनीचा तपासनीस आला तो भर सकाळी. मशीन, फलक, भिंती, सगळं त्याला पसंत पडलं. मग त्यानं मागचं दार ढकललं. आत रंगाच्या डबड्यांपाशी दादा उभा, बोटांना निळा रंग.

"हे कोण?"

दादा तोंड उघडणार एवढ्यात धाकटा म्हणाला, "साफसफाईला येतात. ही डबडी जुनी अडगळ आहे, तीच काढायला सांगितलीय."

दादानं त्याच्याकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर परवडलं असतं. मग त्यानं कोपऱ्यातला झाडू उचलला आणि झाडायला लागला. तपासनीसाच्या बुटांपाशी आला तेव्हा म्हणाला, "पाय जरा, साहेब."

तपासनीस गेल्यावर धाकटा मागे धावला. "दादा, अरे, मी आपलं तेवढ्यापुरतं..."

"कळलं मला. दुकान वाचलं ना?"

दुसऱ्या दिवशी दादानं डबडी, ब्रश सगळं स्वतः फेकून दिलं आणि पुन्हा झाडू घेतला. धाकट्याला वाटलं, चार दिवस रुसेल, मग येईल ताळ्यावर.

त्याला आता सहा वर्षं झाली. दुकान झकास चालतं. धाकट्याला सगळे भला माणूस म्हणतात, आणि तो तसा आहेही. म्हातारा रोज सकाळी येतो, झाडतो. नवी गिऱ्हाइकं त्याला "काका, जरा सरका" म्हणतात. धाकटा काउंटरवरच असतो, पण "राहू दे, दादा" एवढे तीन शब्द काही त्याच्या तोंडून निघत नाहीत. गिऱ्हाइकांसमोर तर तो त्याला दादाही म्हणत नाही.